टेकाडावरचं आंधळं वळण

टेकाडाच्या माथ्यावर, शर्यतीच्या ऐन ट्रॅकवर माणूस आडवा पडलेला पाहून ठसका धावतच सुटली. अपघात? पण आजचा सराव तर केव्हाच संपला होता! जवळ जाऊन पाहते तो काय... स्वारी पालथी पडून, गाल डांबराला टेकवून, एक डोळा मिटून रस्त्याचा उतार न्याहाळतेय.

"काय हो, उशी आणून देऊ का?"

तो गडबडून उठला. गालावर खडी उमटलेली, केसांत भुरभुर पावसाचे थेंब. सपाटराव! गॅरेजमध्ये सगळे त्याला हेच म्हणत, जसं तिला ठसका. आजवर सपाट ट्रॅकवरच गाडी पळवलेली ना! संघात जागा एकच रिकामी होती. उद्याच्या चाचणीत या दोघांपैकी जो वेगवान, त्याची ती. त्या जागेसाठी ठसकाने जिवाचं रान केलं होतं.

"वळण बघत होतो," तो म्हणाला. "पण ते दिसतच नाही हो!"

"दिसत नाही, म्हणून तर त्याचा रुबाब आहे!" ती अशा तोऱ्यात म्हणाली, जणू वळण तिच्या मालकीचंच.

तो हसला. हसणं छान होतं मेल्याचं. "आज प्रत्येक फेरीत इथे माझी गाडी मागून निसटली. तुमची नाही निसटत. का?"

आली का पंचाईत! सांगावं तर आपल्याच पायावर धोंडा. न सांगावं तर उद्या हा थेट खालच्या दगडांत. आणि अर्धवट माहितीच्या माणसाला हरवून मिरवायचं तरी काय? छे!

"तुम्ही माथ्यावर ब्रेक दाबता," ती म्हणाली. "तिथे गाडी हलकी होते, कुणाचंच ऐकत नाही. ब्रेक अलीकडच्या चढावरच संपवायचा. माथ्यावर स्टिअरिंग सरळ, हात गप्प. गाडी खाली बसली की मगच वळवायची."

"बसली हे कळायचं कसं?"

"माथ्यावर पोटात खड्डा पडतो ना? तो भरला की समजायचं."

"खड्डा..." तो तिच्याकडे बघत राहिला. "तो तर आत्ताही पडलाय."

"भूक लागली असेल!" ती फणकारली. पण कान तापले ते तापलेच.

तिचे बाबा संघाचे मुख्य मेकॅनिक. तिच्या तोंडून हे ऐकल्यावर त्यांनी हातातला पाना आपटला. "अगं कार्टे, सगळं सांगून बसलीस?"

"मला जिंकायचंय बाबा. पण त्याच्या अज्ञानावर नाही."

बाबा मिशीतल्या मिशीत हसले. "माझीच पोर तू."

दुसऱ्या दिवशी तिची फेरी झकास झाली. मग तो निघाला. ठसका कठड्याशी कान देऊन उभी. गाडी चढ चढली... ब्रेक लागला... माथ्यावर इंजिनाचा आवाज बारीक झाला... हात गप्प ठेव रे, गप्प! आणि मग गाडी मोकळ्या गळ्याने उतारावर गरजली. ठसकाने टाळी वाजवली, आणि जीभच चावली. प्रतिस्पर्ध्याला टाळ्या?

निकाल लागला. निसटत्या फरकाने तीच पुढे! बाबांनी तिला उचलूनच घेतलं.

तो हेल्मेट काखेत घेऊन आला. "वळण जमलं. पण पुढे शेवटच्या चढावर माती खाल्ली."

"ब्रेक फार लवकर लावलात. चढ स्वतःच गाडीचा वेग कमी करतो. विचारायचंत ना!"

"सांगितलं असतंत?"

"सांगितलं असतं," तिची मान ताठ. "आणि तरी हरवलं असतं."

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "हरून इतका अभिमान कधी वाटला नव्हता... तुमचा. माझं प्रेम आहे तुमच्यावर. दया नको, फक्त जाण्याआधी सांगायचं होतं."

"दया? ती मी ट्रॅकवर करत नाही, आणि बाहेरही नाही." तिने त्याच्या हातातलं हेल्मेट सरळ काढून घेतलं. "आणि जातोस कुठे? सकाळी तो चढ शिकवणार आहे तुला. लवकर ये."