दहावा हेप्टेन

"हे दोन मार्क कुणी कापले?"

मी फळा पुसत होते. वळून पाहिलं तर दारात एक उंच, सावळा तरुण. पायात कंपनीचे जाड बूट, बाहीवर निळ्या रंगाचा डाग आणि हातात मी तपासलेला पेपर.

"मी कापले. आणि भेटायचं असेल तर खाली ऑफिसात भेटायचं असतं."

"खालून वर पाठवलं. मी हरिचंद्र भालेराव, द्रौपदीचा भाऊ. मॅडम, हेप्टेनचे समघटक किती?"

"दहा."

"नऊ."

इतकं शांतपणे म्हणाला की माझी कानशिलं तापली.

साल एक्क्याण्णव. उल्हासनगरच्या चार नंबर कॅम्पात, जीन्स शिवणाऱ्या कारखान्याच्या डोक्यावर लालवाणी सरांचा क्लास. बदलापूरहून रोज येऊन मी तिथं बारावीला केमिस्ट्री शिकवायचे. खालून शिलाई मशीनांची घरघर, समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले पापड. सात कार्बन आणि सोळा हायड्रोजन, तेवढ्याच मालातून किती वेगवेगळ्या जोडण्या होतात, हा माझा आवडता प्रश्न. चाचणीत तो मीच घातला होता. पहिल्या पंधरा जणांना रविवारची खास बॅच मिळणार होती. द्रौपदी सोळावी आली होती, एका मार्कानं.

"तीन वर्षं मी दहा शिकवतेय," मी म्हटलं.

"म्हणजे तीन वर्षं चुकताय."

"तुम्ही प्रोफेसर का?"

"अंबरनाथला रंगाच्या कंपनीत आहे, लॅबमध्ये. तुमच्यासारखाच बी. एस्सी. पण आमच्याकडं मोजणी चुकली तर माल गटारात जातो, मॅडम. तुमच्याकडं मुलगी जाते."

डस्टर माझ्या हातातच होता. फेकला नाही, एवढंच.

"उद्या चारला या. सिद्ध करा. नाही जमलं तर वर्गासमोर माझी माफी मागायची."

"आणि जमलं तर?"

"तर... तेव्हा बघू."

दुसऱ्या दिवशी चारला पाच कमी असताना तो खाली ऑफिसात आला. पिशवीतून स्टीलचा डबा काढला, त्यात भिजवलेले वाटाणे. मग कागदात गुंडाळलेल्या काड्या, गुल नसलेल्या, पांढऱ्याफटक.

"आई काडेपेट्यांच्या कारखान्यात आहे. गुल लावायच्या आधीच्या आहेत या. पेटायच्या नाहीत, घाबरू नका."

"पेटायला मला काडी लागत नाही."

"ते कालच कळलं."

वर बघायचं नाही असं ठरवून मी वाटाणा उचलला. वाटाणा म्हणजे कार्बन, काडी म्हणजे बंध. सात सात वाटाण्यांच्या जोडण्या बाकावर मांडत गेले. सरळ साखळी. मग सहाची साखळी आणि एक फांदी दुसऱ्यावर, मग तिसऱ्यावर. मग पाचाच्या साखळ्या, शेवटी चाराची. वाटाणा घेताना डब्यात बोटाला बोट लागलं... दोघांनीही हात काढला, दोघांनीही पुन्हा एकदमच घातला.

नऊ झाल्या. मग माझी लाडकी दहावी. पाचाची साखळी आणि दुसऱ्या कार्बनवर दोन कार्बनांची फांदी.

"मोजा," मी म्हटलं. माझा आवाज जिंकलेला होता.

"आता ती हातात घ्या."

घेतली.

"फळ्यावर खाली लोंबते म्हणून ती फांदी दिसते. तिच्या टोकापासून मोजत चला."

एक, दोन... मग साखळीतला दुसरा, म्हणजे तीन... चार... पाच... सहा. साखळी सहाची. आणि उरलेला एक वाटाणा बरोबर तिसऱ्यावर. त्यानं माझी तिसरी जोडणी अलगद सरकवून शेजारी ठेवली. तीच. नुसती वाकवून ठेवलेली, म्हणून मी तिला वेगळी समजत होते.

तो हसला असता तर मी त्याला कधीच माफ केलं नसतं. तो हसला नाही.

रडू यायच्या जागी मला राग येतो, लहानपणापासून. त्या वेळी तो स्वतःवरच आला आणि कुठं ठेवावा ते कळेना. द्रौपदीच्या पेपरावर नुसते मार्क कापले नव्हते मी. लाल शाईनं लिहिलं होतं... 'शिकवलंय तेवढंच लिही, आगाऊपणा नको.'

"मार्कांसाठी नव्हतो आलो," तो हळूच म्हणाला. "त्या ओळीसाठी आलो. पुस्तकं बांधून माळ्यावर टाकलीत तिनं."

लालवाणी सर पंख्याखाली बसून ऐकत होते. मला म्हणाले, "मॅडम, नोट्स में दस छपा है. जाने दो ना. कोण विचारणार?"

"एकीनं विचारलंय, सर."

"लिस्ट बदलली तर सगळे आईबाप माझ्या डोक्यावर बसतील. फळ्यावर नऊ लिहिलं तर सोमवारपासून आना मत."

मी जिना चढले, पायऱ्या आपटत. वर्ग भरला होता. द्रौपदी शेवटच्या बाकावर, भावानं ओढून आणलेली, मान खाली. मी फळ्यावर नऊचा आकडा काढला, जेवढा मोठा येईल तेवढा.

"दहा मी शिकवले. चूक माझी. द्रौपदी, ये, हे तू समजावून सांग."

खडू घेतानाही तिनं मान वर केली नाही. तिसऱ्या आकृतीनंतर ती वर्गाकडं वळून बोलायला लागली. चाळीस मुलांनी ऐकल्यावर सरांना पेपर पुन्हा तपासावेच लागले. द्रौपदीला बॅच मिळाली. मला सोमवारपासून बोलावणं आलं नाही.

डबा मात्र माझ्याकडं राहिला होता, आणि दुसऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नसतो. आठवडाभर मी त्या डब्यावरही चिडत होते. रविवारी शेंगदाण्याचे लाडू भरले, वर ती दहावी जोडणी ठेवली आणि रिक्षा करून पालेगावला त्यांच्या घरी गेले.

त्याची आई, वेणूबाई, ओट्यावर तांदूळ पाखडत गुणगुणत होती,

*राग आला राग, त्याला दाराशी बसवा*
*पाणी द्या, गूळ द्या, पुसा कुठल्या गावचा*

मला बघून थांबली. "तूच का ती बाय? बस. पाणी आणते." आणि आत जाता जाता, "हऱ्या, आली रे..."

'आली रे' म्हणजे? म्हणजे माझी वाट बघणं चाललं होतं तर. मी अजूनच चिडले.

तो बाहेर आला. आज बूट नव्हते, अनवाणी होता, आणि कुठं बघावं ते त्याला कळत नव्हतं.

"तुमच्यामुळं माझी नोकरी गेली," मी म्हटलं.

"माहीत आहे. रोज स्वतःला शिव्या देतोय."

"आठ दिवस भांडायला कुणी नाही मला."

"मी... येऊ का? रोज? चारला?"

"पाच कमी असताना येता तुम्ही."

तो हसला. पहिल्यांदाच. मग ते हसू त्यानंच मिटवलं. "मॅडम, आम्ही बौद्ध. हे घर बौद्धवाड्यातलं. तुमचे वडील सरकारी फॅक्टरीत मोठे ऑफिसर. तुमच्या घरी..."

"घरी भांडेन. आणि मॅडम काय? वृंदा म्हणा."

त्यानं डबा उघडला, ती जोडणी तळहातावर घेतली. वाटाणे वाळून सुरकुतले होते, खडे झाले होते.

"हा दहावा तर चुकीचा होता... वृंदा."

"मग सोडवून टाका."

त्यानं काडी ओढली. पुन्हा ओढली, दोन बोटांत धरून, जोर लावून. वाळलेल्या वाटाण्यानं ती गच्च आवळून धरली होती.

"नाही निघत," तो म्हणाला.

"मग राहू द्या," मी म्हटलं आणि वेणूबाईंच्या हातून पाणी घेतलं.