हजार तासांची जाळी

मुलांनो, पिठाची चाळणी डोळ्यांसमोर आणा बरं. आता तशाच दोन, भोकासमोर भोक, मध्ये नखाएवढी फट. त्या भोकांतून वायूचे भारलेले कण विजेच्या जोरावर सुसाट सुटतात आणि अवकाशयान पुढे सरकतं.

शिरवळच्या एका कारखान्यात शिवांजलीची आई, उत्कर्षा, अशा जाळ्या तपासायची. पोलादी टाकीतली हवा उपसून जाळी आत हजार तास अखंड चालवायची. मध्येच थांबली, की चाचणी बाद. दोनदा बाद झाली होती. ही तिसरी आणि शेवटची जाळी होती.

खंडेनवमीला यंत्रं थांबवून पुजतात. उत्कर्षाने टाकी चालूच ठेवली आणि तिच्या आत बघायच्या गोल काचेला आधी हळदीचं, मग कुंकवाचं बोट लावलं. बाईला लावतात, अगदी तसं.

दसऱ्याच्या दुपारी कारखान्यात तिघंच होती: उत्कर्षा, सुट्टी म्हणून आलेली शिवांजली आणि एक कारागीर. जाळी झिजून उडालेल्या कणांचा राखाडी थर काचेवर आतून चढला होता. त्यात, हळदीकुंकवाच्या बरोबर मागे, बोटाएवढा एक ठिपका लख्ख पुसलेला. पलीकडे चालत्या जाळीचा निळा उजेड.

"मॅडम, हे आतनं पुसलंय," कारागीर सिद्धू म्हणाला. "बाहेरनं घासून बघितलं मी."

"आत हवा न्हाई सिद्धू, माशी जगायची न्हाई."

"मग बंद करा की!"

"शंभर तास राह्यलेत. लय शाना हाईस!"

"सायबास्नी फोन लावतो," म्हणत तो बाहेर गेला.

उत्कर्षा ठिपक्यातून आत बघायला वाकली. सरळ झाली, तेव्हा तिच्या कपाळावर राखाडी बोट उमटलं होतं.

"आई, कपाळाला काय लागलंय?"

उत्कर्षाने ओढणीने पुसलं. निघेना. मग ती पुन्हा वाकली आणि कपाळ काचेला टेकवून तशीच राहिली.

"आई! आगं आई!"

तिने आईचा हात ओढला. आई हलेना.

शिवांजलीला हजार तास ठाऊक होते. तरी तिने टाकी बंद करायचं लाल बटण दाबलं.

निळा उजेड विझला. पंपाची घरघर थांबली.

"बंद का केलंस गं?" आई न वळता, अगदी मायेने म्हणाली. "मला हळद लावून झाली व्हती. कुंकू लावायचं राह्यलं तिचं."

काचेच्या खालच्या कडेला, शिवांजलीच्या उंचीवर, नवा ठिपका हळूहळू स्वच्छ होऊ लागला.

शिवांजलीने दोन्ही तळव्यांनी आपलं कपाळ घट्ट झाकलं.