उसना उजेड

माझ्या मोटारसायकलच्या हेडलाइटचं दुखणं कुणालाच सापडत नव्हतं. बल्ब बदलून झाला, स्विच बदलून झाला. शेवटी चाकणच्या दौलतराव मेकॅनिकनं टाकी उतरवून सगळी वायरिंग नवीन ओढली. गाडी भंगारात जाईल पण हा दिवा जायचा नाही, असं म्हणत त्यांनी समोरच्या भिंतीवर झोत पाडून दाखवला. जुन्या हॅलोजनचा पिवळा, मऊ झोत. मी खूश झालो. माझी बायको वर्षाली मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन मागं बसली आणि आम्ही आळंदीच्या रस्त्याला लागलो.

आम्ही मूळचे परभणीकडचे. मी चाकणला कंपनीत आहे. तेव्हा आम्ही गोजाबाईंच्या घरामागच्या खोलीत भाड्यानं राहत होतो. मोठा रस्ता सोडून आत वळलं की ओढ्यावरची एक मोरी लागते, मोरीच्या पुढं दोन्ही बाजूंना कांद्याची रानं आणि टोकाला त्यांचं घर. माझा दिवा जायचा तो नेमका त्या मोरीवर. इतर कुठंही नाही.

थंडीचे दिवस होते, नुकतीच दिवेलागण झाली होती. मोरी आली आणि दिवा गेला.

हॉर्न वाजत होता, इंडिकेटर लागत होते. मी वैतागून गाडी बंद केली, किल्ली खिशात टाकली आणि खाली वाकून हेडलाइटच्या वायरींचा कपलर चाचपला. तो घट्ट बसलेला होता. इंजिन थांबल्यावर एकदम शांत झालं. पाणी दिलेल्या कांद्याचा उग्र, ओला वास येत होता. वर्षालीनं माझा खांदा धरला.

"अहो... आपला दिवा तिकडं चाललाय."

मी मान वर केली. समोरच्या बांधावरून एक पिवळा झोत चालला होता. धरणारं कुणी नव्हतं. कमरेच्या उंचीवर तो मागं-पुढं हलत होता, हातात कंदील घेऊन माणूस चालावा तसा. सोबत वहाणांची करकर ऐकू येत होती आणि मधूनच खाकरल्याचा आवाज. पाण्याचा पाट आला तसा तो जरा थबकला, वर उचलला गेला, पलीकडं उतरला आणि पुन्हा चालू लागला.

पळून जावंसं फार वाटलं. पण आमचं घर त्याच वाटेवर होतं. मोबाइलची बॅटरी लावून मी गाडी ढकलू लागलो. वर्षालीनं मेथी इतकी घट्ट धरली होती की घरी गेल्यावर तिची भाजी झाली नाही, मुटके झाले.

झोत गोजाबाईंच्या अंगणात शिरला. त्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभ्याच होत्या. मोकळ्या अंगणाकडं बघून त्या हळूच म्हणाल्या, "आलात व्हय. पाय धुवा." तांब्या कलंडला. पाणी खाली पडलं, पण पायरीच्या दगडावर पोचायच्या आधी कशावर तरी अडून दोन बाजूंना ओघळलं. मग अंगणातला उजेड गेला, आणि माझ्या हातातल्या गाडीचा हेडलाइट आपोआप लागला. किल्ली माझ्या खिशातच होती.

आमची तोंडं बघून गोजाबाईंना हसू आवरेना. त्यांनी आम्हाला आत बोलावून चहा टाकला, आणि चहा उकळेपर्यंत सगळं सांगितलं. झोत घेऊन येणारे त्यांचे मालक होते, भैरूबाबा. त्यांनी आयुष्यात कधी बॅटरी जवळ बाळगली नाही. मोरीवर उभं राहायचं, एखादी गाडी आली की तिच्या उजेडात घर गाठायचं, ही त्यांची रीत. लॉकडाऊनच्या वर्षी त्यांना दुपारच्या वेळी दवाखान्यात नेलं आणि तिथंच सगळं उरकलं. घरी आणताच आलं नाही. मग काही दिवसांनी ते आपले आपणच आले, नेहमीसारखे, कुणाच्या तरी गाडीच्या उजेडात. तेव्हापासून रोज येतात.

वर्षालीनं भीत भीत विचारलं, मग आमचीच गाडी का? त्यावर गोजाबाई म्हणाल्या की आताच्या गाड्यांचे पांढरे दिवे त्यांच्या डोळ्यांना टोचतात, तुमचा दिवा त्यांना आवडतो.

मला आठवतं, मी घाबरलेलोच होतो, तरी ते ऐकून जरा बरं वाटलं. निदान दौलतरावांची वायरिंग चुकली नव्हती.

गोजाबाईंना मात्र वेगळीच काळजी होती. त्यांची जमीन गोदामासाठी गेली होती आणि घर पाडायचा दिवस ठरला होता. त्यांच्या लेकानं, पिंटूनं, वाकडला उंच इमारतीत फ्लॅट घेतला होता. तो रोज न्यायला यायचा आणि त्या रोज काहीतरी कारण काढायच्या. म्हातारी हट्टाला पेटली, असं तो आम्हालाही म्हणाला होता. खरं कारण त्या लेकाला कसं सांगणार?

"घर पडल्यावर ते येतील कुठं?" त्या म्हणाल्या. "त्यांनी वाकड बघितलंय का कधी?"

वर्षाली माझ्याकडं बघत होती. ती काय म्हणणार ते मला कळलं, आणि नको म्हणायच्या आत तिनं म्हणूनही टाकलं, की तुम्हा दोघांना आम्हीच गाडीवरून वाकडला पोचवू.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला गोजाबाई माझ्या मागं एका अंगावर बसल्या. वर्षाली तिच्या स्कूटीवर पुढं झाली. मोरीवर आलो आणि हेडलाइट गेला. झोत बांधावर उतरून सवयीनं घराकडं निघाला.

"अहो, तिकडं न्हाई," गोजाबाई म्हणाल्या. "आता आमी तिकडं न्हाई. माझ्या मागनं या."

झोत थांबला नाही. अंगणात गेला, बंद दारावर पडला. कडी वाजली. थोड्या वेळानं पुन्हा वाजली, जरा जोरात. गोजाबाई उतरून जायला निघाल्या तेव्हा मीच त्यांना धरून ठेवलं, कारण मला वाटलं, या गेल्या तर परत येणार नाहीत. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी हॉर्न वाजवला आणि गड्याला हाक मारावी तसं ओरडलो, "बाबा, चला की, उशीर होतोय."

कडी थांबली. झोत दारावरून सरकला, पाट ओलांडून आमच्याकडं आला आणि गाडीच्या पुढं रस्त्यावर पसरला. गोजाबाईंनी डोळ्यांना पदर लावला आणि म्हणाल्या, "निघ आता. त्यांचं मन फिरायच्या आत."

तो प्रवास मी जन्मात विसरणार नाही. माझा हेडलाइट बंद, आणि वाट दाखवणारा झोत गाडीपुढं चाललेला. मोशीला तो रस्ता सोडून उसाच्या रसाच्या गाड्यापाशी रेंगाळला. भोसरीला पुलावर चढायला तयार होईना, खालूनच गेला. गोजाबाई आता रंगात आल्या होत्या. हे बघा, ते बघा, करत त्या हवेशी बोलत होत्या. नाशिक फाट्याला ट्रॅफिक पोलिसानं मला अडवलं. हेडलाइट का बंद, म्हणाला. मग त्यानं गाडीपुढचा उजळलेला रस्ता बघितला, माझ्या हेडलाइटच्या काळ्या पडलेल्या काचेकडं बघितलं, पुन्हा रस्त्याकडं बघितलं, आणि हातानंच जा अशी खूण केली.

वाकडला लिफ्टमध्ये शिरलो तसा तिथला दिवा गेला. लिफ्ट वर गेली, दार उघडायच्या आत पुन्हा तळाला आली, पुन्हा वर गेली. गोजाबाई अंधारात हसत होत्या. "कधी बसले न्हाईत ना. बसू द्या जरा."

पिंटूनं दार उघडलं. आई स्वतःहून आली म्हणून त्याला इतका आनंद झाला की त्यानं दुसरं काही विचारलंच नाही. गोजाबाई आत जाताना उंबऱ्याशी वळल्या आणि हळूच म्हणाल्या, पाय धुवा. थोड्या वेळानं बाथरूममधला नळ आपोआप सुरू झाला. पिंटू उठू लागला तसं वर्षालीनं त्याला चहा मागितला.

घर पडलं, गोदाम उभं राहिलं. आम्ही मोरीच्या अलीकडं दुसरी खोली घेतली. हेडलाइट त्यानंतर कधी गेला नाही. गोजाबाईंचा फोन येतो. भैरूबाबा गॅलरीत बसून खालचे दिवे बघतात आणि लिफ्टमधून नुसतेच वर-खाली करतात म्हणे.

परवा संध्याकाळी कंपनीतून येताना मोरीपाशी एक ओळखीचा गाडीवाला मागून ओरडला की तुझा मागचा लाल दिवा बंद आहे. मी थांबून मागं वळलो. मोरीखालच्या ओढ्यातून एक लाल उजेड चालला होता, गुडघ्याएवढ्या उंचीवर, हळूहळू, नदीच्या बाजूला. पावलांचा आवाज नव्हता. मला हसूच आलं. मी गोजाबाईंना फोन लावला आणि म्हणालो, तुमचे मालक आज इकडं फिरायला आलेत, बोलावून घ्या.

पलीकडं ताटांचा आवाज येत होता. तो एकदम थांबला.

"सुजित," त्या म्हणाल्या, "हे तर हितं जेवायला बसलेत... तू घरी जा बाबा. आणि मागं बघू नको."