‘वर!’ म्हणण्याआधी

मला सगळं नीट आठवतंय की मधलं मीच भरलंय, सांगता येत नाही. रात्र मात्र पक्की, डिसेंबरचा शेवटचा शनिवार. बाकी चुकलो तर तुमच्या आत्याला विचारा. गोष्ट तिच्या नवऱ्याची आहे.

कारखान्यात नव्या कामगारांना शिकवायचं काम माझ्या या मेहुण्याकडे होतं. शिकवायचा सगळं पडद्यावर चित्रं दाखवून, म्हणून पोरं त्याला ‘पडदेमास्तर’ म्हणत. आधीचे उस्ताद थेट प्रेसपाशी उभं करत. पत्रा कापणारं अवजड मशीन ते. पायपट्टी दाबली की पातं खाली येई. ती दाबण्याआधी उस्ताद ओरडत, “हात?” पोरं ओरडत, “वर!” मग ते एकेकाचे हात बघत. “जीभ नका उचलू रे, हात उचला!” शेजारच्या खोलीत बसून मेहुण्याने हे कित्येक वर्षं ऐकलेलं. उस्ताद वारले आणि तो प्रकार बंद पडला.

सोमवारी साहेबांसमोर त्याला स्वतः प्रेस चालवून दाखवायची होती. नाही जमलं तर नोकरी जाणार, आणि बहिणीला सातवा महिना. म्हणून गुपचूप सरावाला निघाला.

“एकटेच चाललात, भाऊजी?” मी विचारलं.

“मग काय वरात काढू, दादा?”

कारखाना रिकामा. त्याने बटण दाबलं. मशीन घुमू लागलं. डाव्या हाताने पत्रा आत सरकवला. पाय पट्टीवर ठेवला...

मागून आवाज आला. “हात?”

ऐकून ऐकून मुरलेलं. तोंडातून आपसूक निघालं, “वर.”

...

मग अगदी कानाशी, “खोटं.”

त्याने खाली पाहिलं. डावा हात पात्याखाली होता.

हिसका दिला. हातमोजा आतच राहिला. पाय कधीच मागे आला होता. तरी...

पातं खाली आलं. एकदाच.

माझ्या दारात येऊन उभा राहिला. नुसता हात पुढे केला.

“दादा... बोटं मोजा ना.”

पाच होती.

सोमवारी त्याने साहेबांना सांगितलं, “आधी हात बघायला शिकवतो, मशीन नंतर.” मग प्रेसही चालवून दाखवली. नोकरी टिकली. तो हातमोजा आत्याच्या कपाटात आहे. चार बोटं साफ कापलेली.

मला वाटायचं, घाबरलेल्या माणसाला काहीही ऐकू येतं. पण बऱ्याच वर्षांनी कारखान्याचा जुना वायरमन भेटला. मी सहज विषय काढला.

“त्या शनिवारी?” तो म्हणाला. “अहो, त्या प्रेसचे फ्यूज मी संध्याकाळीच काढून घरी नेले होते. लावले ते सोमवारी सकाळी.”