पाण्यात टाकलेला घास

तो टॉर्च बंद कर, वैभव. सेल कायले जाळून राहिला? गोष्ट आपल्या बोरगावच्या मंगेश मास्तरची आहे. खोटी वाटली तं त्याची बहीण उर्मिला सौंसरले राहते, जाऊन इचारा.

२०२२ साल, बारा फेब्रुवारी, शनिवार. मंगेशले जुन्या राहणीबद्दल लिहायचा भारी नाद. धरणाच्या पाण्यात एक टेकडी उरली आहे, तिथलं बाकी गाव पाण्याखाली गेलं. नुसते काळे दगड अन् काटे, त्यात चार घरं. हा डोंग्यानं गेला. पळसाच्या मुळ्यांचे दोर कसे वळतेत, धुरावर मासे कसे सुकवतेत, सारं पाहून वही भरली. सकाळच्या डोंग्यानं त्याले निघणंच होतं. रविवारी उर्मिलाच्या सहा महिन्यांच्या पोरीची उष्टावण होती, अन् पहिला घास मामानंच भरवा लागते ना बापा!

रात्री आठला, ज्याच्या घरी उतरला त्या चिंधू म्हाताऱ्यानं ताट वाढलं. सुक्या माशाचा रस्सा. मंगेशच्या घरी अंडंही चालत नाई, पण भिडेपायी बोलला नाई. तिथंच चुकला गडी.

चिंधू म्हणे, "नाई गेलं तं ठेवजा, कुत्रं खाईन. पण उष्टं पाण्यात टाकजा नोका, मास्तर. खालचे लोक भुके आहेत. ज्याचं खाल्लं, त्याचा हात वळखतेत."

मंगेशनं एक घास घेतला. शी! सडका वास, टाळूले चिकटलेला खवला. हात धुतो म्हणून ताट घेऊन काठावर गेला, अन् सारं पाण्यात ओतलं.

मग हात बुडवला.

कोणीतरी बोट चाटलं.

मासा असन... त्यानं हात ओढला. येईना. थंड, बुळबुळीत जीभ. दात नाई. एक बोट चोखलं. मग दुसरं. मग तिसरं...

पाचही झाल्यावर सोडला.

सकाळी साबण, राख, निंबू, सारं घासलं. वास जाईना. उष्टावणीत मंगेश पोरीच्या बापाले म्हणे, "भाऊजी, तुम्हीच भरवा." कोण ऐकते? मग त्यानं डाव्या हातानं चांदीचा चमचा उचलला.

"माह्या पोरीले डाव्या हातानं?" उर्मिला भडकली. तिनं त्याचा उजवा हात धरून खिरीत बुडवला अन् पोरीच्या तोंडाशी नेला. मंगेश "नोको, नोको" म्हणत राहिला.

पोरीनं हात घट्ट धरला. एक बोट चोखलं. मग दुसरं. मग तिसरं...

पाचही झाल्यावर हसली. मंगेश तिथंच भडभडा ओकला. तवापासून तो त्या पोरीले जवळ घेत नाई.

पोरगी आता चार वर्सांची आहे, चांगली धडधाकट. फक्त जेवाले बसली का पहिला घास पाण्याच्या ग्लासात टाकते. कोणी शिकवलं नाई. जेवण झालं का उर्मिला ग्लास मोरीत ओतते.

पाणी पडते... घास नसते.