अध्यक्षांची रिकामी जागा

आमच्या राष्ट्राध्यक्षांना सकाळी चहा लागायचा तो स्वतःच्या मळ्यातला, आणि तोही उकळून काळा झालेला. मी त्यांचा डॉक्टर. रोज सांगायचो, पोटाची वाट लागेल. ते हसायचे आणि दुसरा कप मागायचे. त्या दिवशी मात्र कप तसाच राहिला. मुलांजे डोंगराच्या पायथ्याशी त्यांचं घर होतं. बाहेर चिपेरोनीची, म्हणजे आमच्याकडच्या गार धुक्याच्या पावसाची, झिमझिम लागली होती, ती एकदा लागली की आठवडा आठवडा सूर्य दिसत नाही. हॅरिसन नाम्बाझो न्हाणीघराच्या दारात पडलेले मला सापडले. हृदय बंद पडलं होतं. मी छाती दाबली, सुया टोचल्या, घामाघूम झालो. काही उपयोग झाला नाही. माणूस गेला होता, आणि मला त्याचं खरंच वाईट वाटलं, कारण हट्टी असला तरी तो माझा मित्र होता.

रडायलाही फुरसत मिळाली नाही. गृहमंत्री लिकोंगवे बाहेरच उभा होता, अध्यक्षांच्या बहिणीचा मुलगा.

"डॉक्टर, मामांना सर्दी झालीय," तो म्हणाला.

"लिकोंगवे, तुझे मामा वारलेत."

"सर्दी झालीय," तो पुन्हा म्हणाला आणि माझा फोन काढून घेतला.

मला कळायला वेळ लागला नाही. आमच्या डोंगरात मुखिया गेला की 'गेला' म्हणायचं नाही. नवा गादीवर बसेपर्यंत त्याला सर्दी झालेली असते. नात्यातला एक म्हातारा पडद्यामागं बसतो आणि कुणी भेटायला आलं की मुखियाच्या वतीनं खोकतो. येणारा अंगणातूनच टाळ्या वाजवून नमस्कार करतो आणि घरी जातो. गावात हे शोभतं. पण आमच्या राज्यघटनेत सर्दीचं कलम नाही. अध्यक्षाची जागा रिकामी झाली, की उपाध्यक्षानं शपथ घ्यायची, एवढंच तिथं लिहिलंय. आणि उपाध्यक्ष होत्या एनिफा म्पोन्डा. अध्यक्षांनी त्यांना पक्षातून काढलं होतं, पदावरून काढता आलं नव्हतं. शुक्रवारी संसद भरायची होती. तोवर म्हातारा खोकत राहिला, तर लिकोंगवे ते कलमच बदलून स्वतः शपथ घेणार होता.

"अरे, हा देश आहे, तुझ्या आजोळचं अंगण नाही!" मी ओरडलो. माझ्या डोक्यात तिडीकच गेली होती.

"मग तुम्ही कशाला अंगणात ओरडताय?" तो शांतपणे म्हणाला.

अगोगो सावेकांना गावाहून आणलं. अगोगो म्हणजे आजोबा, सगळ्या घराचेच. जाड घोंगडी पांघरून ते आत गेले आणि दार लागलं. थोड्या वेळानं बिशप आले. बंद दारामागून खोकला ऐकू आला, खोल, ओला. बिशपांनी क्रूसाची खूण केली, "विश्रांती घेऊ द्या त्यांना," म्हणाले आणि गेले. म्हातारा कामाचा निघाला, असं मला वाटलं. मग सेनापती आले. त्यांच्यासाठीही खोकला आला. लिकोंगवेनं माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.

दुपारी फाटकावर गडबड झाली. एनिफाबाई आल्या होत्या, बरोबर सरन्यायाधीश सिबांदे. पहारेकऱ्यांची त्यांना अडवायची छाती झाली नाही. बाईंच्या चपला चिखलानं भरल्या होत्या.

"मायी, इतक्या पावसात?" लिकोंगवे गोड हसला. "मामांना सर्दी आहे."

"बाजारात सुकी मासळी विकणाऱ्या बायासुद्धा म्हणतायत की ते गेले," बाई म्हणाल्या. "मला बघू दे. जिवंत असतील तर पाया पडून परत जाते."

आतून खोकला आला. दोनदा.

बाईंचा चेहरा उतरला. सिबांदेंनी टोपी हातात घेतली. "जागा रिकामी नसेल, मायी, तर मी शपथ देऊ शकत नाही," ते हळूच म्हणाले.

आता बोललो नाही तर कधी बोलणार? 'आत म्हातारा बसलाय' हे शब्द माझ्या ओठांवर होते, तेवढ्यात स्वयंपाकघराच्या बाजूचं दार उघडलं. अगोगो सावेका हातात न्सिमाचा, मक्याच्या उकडीचा, गोळा घेऊन उभे होते. अंगण ओलांडून आल्यानं घोंगडी ओलीचिंब झाली होती.

लिकोंगवेच्या तोंडचं पाणी पळालं. "अगोगो! तुम्ही बाहेर कसे?"

"मी केव्हाचा चुलीपाशीच आहे, पोरा."

"मग बिशप आले तेव्हा कोण खोकलं?"

म्हाताऱ्यानं घास गिळला. "मी बसलो आणि सवयीनं एकदा खोकून बघितलं. पलंगावरून उत्तर आलं. मग तिथं माझं काय काम? मागच्या दारानं निघालो."

सगळ्यांचे डोळे बंद दाराकडं वळले.

"दार उघड," मी लिकोंगवेला म्हणालो. त्यानं किल्ली माझ्या हातात टाकली आणि भिंतीला टेकला.

मी एकटाच आत गेलो.

अध्यक्ष पलंगावर होते, मी झोपवले होते तसेच. हात उचलून पाहिला. ताठ झाला होता. डोळ्याच्या बाहुलीवर बॅटरी मारली, काही हललं नाही. छातीवर नळी ठेवली आणि डोळे मिटून ऐकत राहिलो. आत काही नव्हतं.

माझ्या पाठीमागं कुणीतरी घसा साफ केला.

मी वळलो नाही. खोटं कशाला सांगू, माझी पाचावर धारण बसली होती. नळी गुंडाळली, चादर त्यांच्या तोंडावर ओढली आणि भिंतीकडं बघत बाहेर आलो.

"राष्ट्राध्यक्ष नाम्बाझो वारले," मी मोठ्यानं म्हणालो. "सकाळीच."

एनिफाबाईंनी माझे दंड धरले. "नक्की? डॉक्टर, माझ्या गळ्याची शपथ आहे तुम्हाला. नक्की?"

"नक्की, मायी."

घरातल्या बायकांनी गळा काढला. दिवसभर दाबून ठेवलेलं रडणं डोंगरापर्यंत गेलं असेल. अगोगो सावेकाही रडले.

दुसऱ्या दिवशी राजधानीत शपथविधी झाला. बाईंचा आवाज कापला नाही. लिकोंगवेनंसुद्धा टाळ्या वाजवल्या. घटना जिंकली, असं लोक एकमेकांना सांगत होते, आणि मलाही अभिमान वाटला.

पहिल्या मंत्रिमंडळ बैठकीला बाईंनी मला बोलावलं. मी भिंतीशी बसलो. त्या आल्या, सगळे उठले. बाई टेबलाच्या टोकाशी गेल्या, थबकल्या आणि बाजूच्या, उपाध्यक्षांच्या जुन्या खुर्चीवर बसल्या.

सचिव वाकून म्हणाला, "मायी, आपली जागा ती."

बाईंनी मला जवळ बोलावलं. माझा हात धरला, त्यांचा हात बर्फासारखा गार होता. "डॉक्टर, तुम्ही नीट तपासलं होतं ना?"

"हो, मायी."

त्यांनी मान हलवली. मग टोकाच्या रिकाम्या खुर्चीकडं वळल्या आणि बराच वेळ लक्ष देऊन ऐकत राहिल्या.

"सुरू करा म्हणतायत," त्या आम्हाला म्हणाल्या.