ब्रशचं टोक

"माझी बहीण मेली आहे," फोनवरचा माणूस म्हणाला. "आणि पडताना तिनं माझे सहा शिपाई मोडले."

नॉटिंगहॅमच्या पोलीस ठाण्यात हा फोन डिटेक्टिव्ह सार्जंट बेरिल विडोसननं घेतला. शनिवार होता, सकाळचे अकरा वाजले होते.

"शिपाई? कुठले शिपाई?"

"शिशाचे, बाई. एक इंच उंचीचे. तुम्हाला नाही कळायचं. या लवकर."

बेरिल वीस मिनिटांत पोचली. दार सिरिल ओल्डनोनं उघडलं. वय सदुसष्ट, उंची सहा फूट, पांढऱ्या मिशा कातरून नीट केलेल्या. विमा कंपनीतून निवृत्त झालेला हा माणूस गावातल्या पटयुद्ध क्लबात 'मार्शल' म्हणून ओळखला जाई. क्लबातले लोक दर रविवारी टेबलावर शिशाच्या फौजा मांडून नेपोलियनच्या लढाया पुन्हा लढत. शिपाई रंगवण्याच्या वार्षिक स्पर्धेचा चषक गेली चार वर्षं मार्शलकडेच होता.

मागच्या खोलीत खिडकीशी रंगकामाचं टेबल होतं. त्याच्या पायाशी एनिड ओल्डनो पडली होती. एकसष्ट वर्षांची बारीक बाई, अंगावर एप्रन. शेजारी एक नवा ब्रश पडला होता. भिंतीभर फळ्या होत्या आणि त्यांवर तीन हजार रंगीत शिपाई ताठ उभे होते.

डॉक्टर गुडघ्यांवर बसून म्हणाला, "विष. गांधीलमाश्यांच्या घरट्यात टाकतात ना, ती जुनी भुकटी असावी. फार वेळ लागला नसेल. आणि हे बघा, जिभेचं टोक निळसर आहे. हा विषाचा रंग नाही."

"मग कशाचा?"

"ते तुम्ही शोधा."

बेरिल टेबलासमोरच्या स्टुलावर बसली. तिची उंची बेताची, तरी गुडघे टेबलाखाली कसेबसे मावले. टेबलावर एका बशीत निळा रंग होता, पाण्याचा पेला होता, अर्धवट रंगवलेला एक ढोलवाला होता. तिनं बशीला बोट लावलं. रंग बोटाला लागला आणि नळाखाली धरताच निघून गेला. मागे ऑइलपेंटच्या डब्यांची रांग होती. तिनं दोन डबे उघडून पाहिले. झाकणं जाम बसली होती.

"हात लावू नका," दारातून सिरिल म्हणाला.

स्वयंपाकघरात त्यानं चहा घेतला. कप अर्धाच भरला होता आणि त्यानं तो दोन्ही हातांनी धरला होता.

"काय झालं, सांगा."

"मी पेपर आणायला गेलो होतो. ती टेबल पुसायला गेली असेल. आलो तर ही अशी."

"ती रंगवायची का?"

सिरिल हसला. बहीण मागच्या खोलीत मरून पडलेली, आणि तो खरोखर हसला. "एनिड? घोडदळातला शिपाई कोण आणि बसचा कंडक्टर कोण, हे तिला ओळखू यायचं नाही. तीस वर्षं लेसच्या कारखान्यात फाटलेली जाळी सांधायची. नंतर इथं आली. चहा करायची, धूळ पुसायची. तिच्याच्यानं तेवढंच व्हायचं."

"मग विष पोटात कसं गेलं?"

"सुईत ओवायचा दोरा, पेन्सिल, काहीही तोंडात घालायची सवय होती. ब्रशचे केस विस्कटलेले दिसले असतील, घातला तोंडात. मूर्ख बाई." त्यानं कप खाली ठेवला. "सार्जंट, हा डाव तिच्यावर नव्हताच. माझ्यावर होता. ब्रश मला होरेस लीव्हर्सनं दिलाय."

"कोण हा?"

"दर वर्षी दुसरा येणारा. नव्या स्पर्धेआधी गेल्या वर्षी हरलेल्यानं जिंकलेल्याला ब्रश द्यायचा, अशी क्लबची रीत आहे. गुरुवारी दिला. त्याच्या भाजीच्या मळ्यातल्या खोपट्यात ती भुकटी असते, सगळ्या क्लबला ठाऊक आहे."

"तुम्ही गेला आहात त्या खोपट्यात?"

"चार वर्षांत पाऊल टाकलेलं नाही."

"काल हा ब्रश वापरलात?"

"शुक्रवारी संध्याकाळी. त्या ढोलवाल्याचा कोट. मी ऑइलपेंटच वापरतो, लिहून घ्या. पाण्याचे रंग पोरासोरांचे."

बेरिलनं लिहून घेतलं.

होरेस लीव्हर्स मळ्यात कोबी काढत होता. कारखान्यात यंत्रं दुरुस्त करण्यात आयुष्य घालवलेला ठेंगणा, तापट गडी.

"डबा माझाच," तो म्हणाला. "खोपट्याला कडी नाही. कुणीही घेईल. पण मार्शलला मारायचं असतं तर क्लबातच टाळक्यात खुर्ची घातली असती. चार वर्षं मनात तेच होतं."

"एनिडला ओळखत होता?"

"ओळखणार काय? चहाची किटली घेऊन यायची. मार्शल सगळ्यांदेखत म्हणायचा, 'एनिड, देव मेंदू वाटत होता तेव्हा तू बिस्किटांच्या रांगेत होतीस का गं?' आम्ही हसायचो." होरेसनं माती झटकली. "तीही हसायची."

"तिला कुणी कधी बसायला सांगितलं?"

होरेसनं पुढचा कोबी उपटला.

क्लबचा चिटणीस बेसिल क्युपिट हा घाबरट माणूस होता. पुढच्या रविवारच्या स्पर्धेचे अर्ज आणि नोंदवही त्याच्याकडे होती. बेरिलनं दोन्ही चाळली.

"ओल्डनो नावाचे दोन अर्ज आले होते?"

"तुम्हाला कसं कळलं?"

"नोंदवहीत दोन ओळी आहेत. दुसऱ्या ओळीत एनिडचा 'ई' खोडून सिरिलचा 'सी' केलाय."

"मला वाटलं, चुकून लिहिलं असेल. ई ओल्डनो कशाला अर्ज भरेल? गुरुवारी मार्शल आला होता, त्याला विचारलं. तो आधी पांढरा पडला. मग हसून म्हणाला, 'म्हातारी किटलीचं झाकण पाठवतेय वाटतं,' आणि अर्ज खिशात घालून गेला."

दुपारी बेरिलनं एनिडची खोली तपासली. खोली कसली, जिन्याखालची अडगळ होती. एक खाट, एक कपाट. कपाटात घड्याळजी डोळ्याला लावतात तसलं भिंग. त्याच्या मागे बिस्किटांच्या डब्यात, कापसात गुंडाळलेलं काहीतरी.

बेरिलनं ते खिडकीशी नेलं आणि भिंग डोळ्याला लावून पाहिलं.

पुढच्या रविवारी दुपारी स्पर्धा झालीच. एनिडसाठी दोन मिनिटं शांतता पाळली, मग चहा आला. किटली कुणी आणायची यावर थोडी कुजबुज झाली, शेवटी बेसिलनं आणली. सिरिल काळी पट्टी बांधून मधल्या खुर्चीत बसला होता. लोक येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत होते.

बेरिल टेबलाशी आली. "मिस्टर लीव्हर्स, तुमची नजर या कामात तयार आहे. हे बघा."

तिनं डबा उघडून कापूस बाजूला केला. लढाई संपलेल्या मैदानाचा तळहाताएवढा तुकडा होता. चिखलात तीन मेलेले शिपाई. एक बाई गुडघ्यांवर बसून चौथ्याचं तोंड आपल्याकडे वळवत होती. तो आपला आहे की नाही, हे तिला अजून कळलेलं नव्हतं. एवढ्याशा चेहऱ्यावर ते स्पष्ट दिसत होतं.

होरेसनं भिंग लावलं.

"मार्शलचाच हात," तो अखेर म्हणाला. "डोळ्यांखालची ही जांभळी छटा दुसऱ्या कुणालाही जमत नाही. पण हे त्याच्या सगळ्या कामापेक्षा सरस आहे." त्यानं वर पाहिलं. "हे का लपवलंस, मार्शल?"

"हे मार्शलचं नाही," बेरिल म्हणाली. "एनिडचं आहे. तुम्हाला चार वर्षं हरवलं ते तिनं."

कुणीतरी हसलं आणि लगेच थांबलं.

"बकवास," सिरिल म्हणाला. त्याचे हात कोटाच्या खिशात होते.

"पहिल्या दिवसापासून मला एकच प्रश्न पडला होता," बेरिल बोलू लागली. "ब्रशच्या टोकाला विष लावून कुणाला मारता येतं? जो ब्रश तोंडात घालून टोक काढतो त्यालाच. पाण्याचे रंग वापरणारे तसं करतात. ऑइलपेंटवाला करेल?"

"टर्पेंटाइन कोण चाटणार?" होरेस म्हणाला.

"आणि मार्शल ऑइलपेंटच वापरतो, हे इथं कुणाला माहीत नव्हतं?"

"कुणाला नव्हतं? आमचे कान किटवले होते त्यानं."

"मग मार्शलला मारायला या खोलीतला कुणीही ब्रशला विष लावणार नाही. ते फुकट गेलं असतं. विष लावणाऱ्याला एक गोष्ट पक्की ठाऊक होती. त्या घरात ब्रश चाटणारं दुसरं कुणीतरी रंगवतंय. आणि ते ठाऊक असणारा जिवंत माणूस जगात एकच."

बेरिल सिरिलकडे वळली.

"तुम्ही म्हणालात, शुक्रवारी या ब्रशनं ऑइलपेंट लावला. तपासणीत ब्रशमध्ये पाण्याचा रंग निघाला आणि विष. ऑइलपेंटचा कणही नाही. तुमच्या डब्यांची झाकणं सुऱ्यानं खरवडून उघडावी लागली, आत रंगाचे दगड झाले होते. त्या स्टुलावर बसून माझेच गुडघे टेबलाखाली कसेबसे मावले, तुमच्यासारख्या सहा फुटी माणसाचे मावणार नाहीत. एनिडच्या जिभेवरचा निळा डाग त्याच बशीतल्या पाण्याच्या रंगाचा होता. आणि चार वर्षांत ज्या खोपट्यात तुम्ही पाऊल टाकलं नाही, तिथल्या डब्याच्या झाकणावर तुमचे दोन्ही अंगठे उमटलेत. एका हातानं ते उघडणं तुम्हाला जमलं नसावं."

होरेस उठला. त्यानं स्वतःच्या पेटीतून ब्रश काढून लाल रंगात बुडवला, एक कोरा शिपाई काढला आणि दोन्ही सिरिलसमोर ठेवले.

"एक बटण रंगव."

"होरेस, माझी बहीण गेलीय..."

"एकच बटण, मार्शल. आम्ही हसणार नाही."

सिरिलनं खिशातून हात काढले. ते वाऱ्यातल्या पानासारखे थरथरत होते. सगळा क्लब बघत होता. त्यानं ब्रश उचलला, टोक शिपायाच्या छातीजवळ नेलं आणि गळ्यापासून पोटापर्यंत एक लांब लाल ओरखडा ओढला.

"चार वर्षं झाली," तो खालच्या आवाजात म्हणाला. "हातच गेले. म्हटलं, हिला शिकवावं, चार दिवस निभेल. सहा महिन्यांत माझ्या पुढे गेली. शुक्रवारी अर्ज तिच्यासमोर टाकला. तर म्हणते, 'सिरिल, फक्त हे एक माझ्या नावावर. बाकी सगळे तुझेच राहू दे.' फक्त एक! ते एक बघून तुम्ही बाकीचे ओळखले नसते? आत्ता एका मिनिटात ओळखलंतच की!"

"मग ब्रश तूच दिलास तिला?" होरेसनं विचारलं.

"म्हटलं, हा चांगला आहे, ढोलवाल्याचा कोट याच्यानं कर. खूश झाली. नवा ब्रश कधी मिळाला नव्हता तिला." सिरिलनं मान उचलली. "आणि तू तर सगळ्यांच्या आधी तिला साखर आणायला पिटाळायचास. आता माझ्याकडे असा बघू नकोस."

होरेसनं आपला ब्रश उचलून पेटीत ठेवला.

ठाण्यात सिरिलनं कबुलीजबाब दिला. बेरिलनं तो टाइप करून समोर ठेवला. त्यानं चष्मा लावून शब्दन् शब्द वाचला.

"खून मान्य आहे," तो म्हणाला. "विष, खोपटं, सगळं मान्य. हे वाक्य मात्र काढा."

वाक्य असं होतं : गेल्या चार वर्षांत माझ्या नावावर गेलेले सर्व शिपाई माझी बहीण एनिड हिनं रंगवले.

"ते तुम्हीच सांगितलंत."

"तोंडी सांगितलं. ते कागदावर राहतं, बाई. हे काढलंत तर आत्ता सही करतो."

बेरिलच्या साहेबांनी तिला बाहेर बोलावलं. "काढून टाक गं. आपल्याला खुनाशी मतलब. बाहुल्या कुणी रंगवल्या याच्याशी कोर्टाला काय करायचंय?"

"खून त्याच्यासाठीच झालाय, साहेब."

"सही हातची घालवशील."

"घालवते."

सिरिलनं सही केली नाही. कोर्टात सगळं नाकारलं. खटला अकरा दिवस चालला आणि बेरिलला साहेबांची बोलणी रोज खावी लागली. साक्षीला उभी राहिल्यावर तिनं ते वाक्य मोठ्यानं वाचलं. मागच्या बाकांवर सबंध क्लब बसला होता.

जन्मठेप ऐकताना मार्शल पुतळ्यासारखा उभा होता. पण ते वाक्य वाचलं गेलं, तेव्हा त्यानं कठड्यावर दोन्ही मुठी आपटल्या आणि ओरडला, "खोटं आहे! तिला घोड्याचा रंगसुद्धा मी सांगायचो!"